पुण्यातल्या पेठेत आमचा जुना वाडा आहे. तो नीट करून फक्त सभासदांसाठी छोटा, छुपा बार-लाउंज काढता येईल का?

येईल, पण वाड्याला हात लावण्याआधी गल्लीत मोजपट्टी लावा. परमिट रूमचा परवाना (एफएल-३) हवा तर शाळा, प्रार्थनास्थळ आणि एसटी स्टँडपासून ७५ मीटर अंतर लागतं. ते हवेतून नाही, माणूस चालत जातो त्या वाटेनं, दारापासून दारापर्यंत मोजतात. कोपऱ्यावरचा प्रत्येक मारुती धरत नाहीत, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं देऊळ मात्र धरतात. पेठांमधले बहुतेक बेत इथेच बारगळतात. वाडा शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत असेल, तर नवं बांधकाम बंद आणि डागडुजीलाही वेगळी परवानगी लागते. महापालिकेच्या हेरिटेज सेलमध्ये वाड्याची वारसा श्रेणीही बघून घ्या. श्रेणी १ असेल तर आतले बदल विसरा.

‘फक्त सभासदांसाठी’ म्हटल्यानं उत्पादन शुल्क खात्याकडून सूट मिळत नाही. क्लबचा परवाना (एफएल-४) खऱ्याखुऱ्या क्लबसाठी असतो. तुमचा धंदा असेल तर एफएल-३च, मग सभासद फी काहीही ठेवा. वयाची अट २५, बिअर-वाइनला २१, शिवाय पिणाऱ्याचंही परमिट. छुप्या बारची टूम अमेरिकेतल्या दारूबंदीतली. ती १९३३ला उठली, आपला १९४९चा कायदा अजून दारूबंदीचाच आहे. त्यामुळे वातावरणनिर्मितीला फार खर्च नको!

आता वाडा. आधी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं उघडी करून बघा. मधला भाग खणखणीत वाजतो आणि भिंतीतलं टोक कुजलेलं निघतं, कारण ओल तिथेच मुरते. पेचकस सहज आत गेला तर तेवढं टोक कापून जुन्या सागवानाचा सांधा द्यायचा. खांबही तळखड्याला (पायाच्या दगडाला) टेकतो तिथेच तपासा. त्या भिंतींना सिमेंटचा गिलावा अजिबात नको. आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार फुगतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. विटांवर विरवलेला चुना एक भाग, सुरखी (विटांची पूड) एक, वाळू दोन, असा पातळ थरांत लावा आणि आठवडाभर ओला ठेवा. पांढऱ्या मातीच्या भिंतीला मातीचाच लेप.

बार तळमजल्यावरच घ्या. माडीचा कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यावरच्या फळ्या) घरगुती वजनासाठी असतो, म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. उभ्या गर्दीला त्याच्या दुप्पट-अडीचपट धरावं लागतं. त्यात बर्फाचं मशीन वर नेलं की गळणारं पाणी थेट कड्यांत. एसीचा गार झोतही तुळईवर सोडू नका, पावसाळ्यात लाकडावर घाम धरतो. वायरिंग सगळं नवं, लोखंडी पाइपातून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (गळती झाली की वीज तोडणारा स्विच).

छुप्या दारासाठी पुस्तकांचं खोटं कपाट कशाला? मोठ्या दरवाजातला छोटा दिंडी दरवाजा आहे की! वाकून आत या, यापेक्षा चांगलं नाट्य विकत मिळत नाही. पण लोक आत असताना मोठा दरवाजा अडसर न घालता, एका धक्क्यात उघडला पाहिजे. परसाकडे दुसरी वाट लागतेच, तीही बाहेर उघडणारी, वर पेटता फलक असलेली. सजावटवाले हा फलक झाकायला सांगतील, ऐकू नका. २०१७ला मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. लाकडी वाड्यात धूर भरायला तिथल्याहून कमी वेळ लागेल.

स्पीकर माजघरात ठेवा, वाड्याच्या मधल्या उघड्या चौकात नको. चौकातला आवाज शेजारच्या माडीवर जसाच्या तसा जातो आणि तक्रार तिथूनच येते.