अमेरिकन फुटबॉलमध्ये नवख्या क्वार्टरबॅकसाठी टीमनं आपला ऑफेन्स बदलावा, की त्यानं आधी टीमची सिस्टीम शिकावी?

बदलावा. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीला बॉल हातात घेऊन तो फेकणारा किंवा दुसऱ्याला देणारा खेळाडू, आणि ऑफेन्स म्हणजे टीमची आक्रमणाची मांडणी. 'आधी सिस्टीम शिकू दे' हे वाक्य आमच्या घरात एक अख्खा मोसम ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही बाल्टिमोरपासून अर्ध्या तासावर राहतो. 2018 मध्ये मुलगा हायस्कूलच्या जेव्ही, म्हणजे दुय्यम टीमचा क्वार्टरबॅक होता. उंची पाच फूट आठ, हात बेताचा, पण पाय चपळ आणि बॉल हातातून पटकन सुटायचा. उन्हाळ्यात सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या खेळात, शॉटगनमधून (काही पावलं मागे उभं राहून बॉल घेत) खेळताना बघत राहावं असा. शाळेच्या कोचचं प्लेबुक, म्हणजे चालींचा संच, मात्र जुन्या वळणाचं. बॉल मागे देणाऱ्या सेंटरला चिकटून उभं राहायचं, त्याच्याकडून बॉल (स्नॅप) घेऊन डिफेन्सकडे पाठ करायची, बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला हँडऑफची, म्हणजे बॉल हातात देण्याची, हूल द्यायची आणि मागे जाऊन लांबचा पास. हा वळून तोंड फिरवेपर्यंत समोर त्याच्याहून अर्धा फूट उंच पोरांची भिंत. पास झेलणारा रिसीव्हर दिसणार कुठून? तिसऱ्या मॅचमध्ये पाच सॅक, म्हणजे पाच वेळा बॉलसकट पाडला, चौथीला बाकावर. कारण काय, तर प्लेबुक पचलेलं नाही.

आमचे हे कोचच्या बाजूनं. म्हणे, आपण क्रिकेट बघून वाढलेली माणसं, त्यांना काय शिकवणार!

त्याच मोसमात आमच्या रेव्हन्समध्ये, म्हणजे बाल्टिमोरच्या व्यावसायिक टीममध्ये, क्वार्टरबॅक लामार जॅक्सन आला होता. ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, 32वा. बिल पोलियनसारखा मुरलेला माजी जनरल मॅनेजर म्हणाला होता, याला क्वार्टरबॅक नको, वाइड रिसीव्हर करा. आधीचा क्वार्टरबॅक फ्लॅको जायबंदी झाल्यावर लामार उतरला आणि सातपैकी सहा मॅचेस जिंकल्या. पुढच्या वर्षी ऑफेन्स कोच ग्रेग रोमनकडे दिला आणि सगळी मांडणीच लामारभोवती झाली. पिस्टल नावाच्या मांडणीत रनिंग बॅक थेट क्वार्टरबॅकच्या मागे उभा, त्यामुळे तो कुठल्या बाजूला जाणार ते आधी कळत नाही. एका डिफेन्सिव्ह एंडला, म्हणजे समोरच्या भिंतीतल्या कडेच्या खेळाडूला, मुद्दाम ब्लॉक न करता मोकळा सोडायचा. तो रनिंग बॅकवर झेपावला की बॉल स्वतःकडे ठेवायचा, जागीच थांबला तर देऊन टाकायचा. वाचायचं एकाच माणसाला! त्या 2019 मध्ये टीमचे 3,296 रशिंग यार्ड, म्हणजे पळून कापलेलं अंतर, लीगचा विक्रम. लामारचे स्वतःचे 1,206. वर 36 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे), लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू, एकमतानं. सिस्टीम शिकवत बसले असते तर?

आणि हे फक्त पळणाऱ्यांचंच नाही. रॅम्स टीमचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ 2016 च्या ड्राफ्टमधला पहिला, त्या वर्षी सात मॅचेसमध्ये सुरुवातीपासून खेळला, सातही हरला. 2017 ला शॉन मॅकव्हे कोच म्हणून आला आणि त्याच गॉफचे 28 टचडाउन पास, आणि समोरच्यांच्या हाती गेलेले पास (इंटरसेप्शन) फक्त 7. आता गंमत बघा, मॅकव्हेनं त्याला सेंटरमागून प्ले-अ‍ॅक्शनच भरपूर दिलं. म्हणजे हँडऑफची हूल देऊन पास, माझ्या पोराला ज्यानं बुडवलं तेच. गॉफ सहा फूट चार आहे, त्याला भिंतीवरून दिसतं.

हो, दुसरी बाजूही आहे. वॉशिंग्टनच्या टीमनं 2012 मध्ये नवखा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनला असंच त्याच्या पायांवर खेळवलं. वर्षातला सर्वोत्तम नवखा ऑफेन्सिव्ह खेळाडू ठरला आणि पुढच्या जानेवारीत प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गुडघा गेला. लामारही 2021 आणि 2022, दोन्ही मोसमांच्या शेवटी दुखापतीनं बाहेर होता. शिवाय शाळेत दर दोन वर्षांनी क्वार्टरबॅक बदलतो, कोच दर वेळी नवं प्लेबुक कुठून आणणार, हा ह्यांचा मुद्दा. मान्य. अर्धा.

पण प्लेबुक हवं तर बदलू नका, त्यातल्या चाली तरी त्याच्या पसंतीच्या घ्या. मोसम संपल्यावर कपड्यांत त्याची मनगटावरची पट्टी सापडली. प्लास्टिकखालच्या कागदावर चाळीसेक प्ले, त्यातल्या सातांभोवती निळ्या पेनानं गोल. विचारलं तर म्हणाला, "आई, यात मला दिसतं." सातही शॉटगनचे. कोचनं मोसमभर त्यातले दोनच बोलावले होते, आणि गोल कसले ते कधी विचारलं नव्हतं. लामारच्या त्या एमव्हीपीनंतर मी ती पट्टी ह्यांच्यासमोर ठेवली. चष्मा लावून बराच वेळ वाचली. मग म्हणाले, "तरी पण, सिस्टीम म्हणून काही असतं की नाही?"