घरात नशा करणाऱ्या बापानं मुलाला काही ‘दिलं’ नसेल, तरीही गुन्हा होतो का?

हो, होतो. तुम्ही लिहिलंय की बहिणीचा नवरा घरातच नशा करतो, माल घरातच ठेवतो आणि भाचा दीड वर्षाचा आहे. ‘मी पोराला काही देत नाही, मग कसला गुन्हा?’ असं तो म्हणतो. मी वकील आहे, मुलांची प्रकरणं चालवते. हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय आणि दर वेळी पोटात कालवतं.

एका पंचनाम्यातला फोटो अजून डोळ्यांसमोर आहे. सतरंजीच्या कडेला नशा ओढून काळवंडलेला चांदीचा कागद आणि दोन वितींवर दुधाची बाटली. रांगतं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. त्याला कुणी काही ‘द्यावं’ लागत नाही.

बाल न्याय कायदा, 2015 मध्ये यासाठी दोन वेगळी कलमं आहेत. कलम 77 देण्याबद्दल आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ दिला, तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. बाळ शांत झोपावं म्हणून अफूचा कण चाटवणंही यातच येतं, हेतू कितीही साधा असला तरी. पुड्या पोचवायला मुलाला पाठवलं तर कलम 78, शिक्षा तेवढीच.

तुमच्या मेव्हण्याला लागू पडेल ते कलम 75. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याची जाणूनबुजून हेळसांड केली किंवा त्याला धोक्यात टाकलं, आणि त्यातून मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल, तर 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही. शक्यता पुरते. मूल दवाखान्यात पोचेपर्यंत थांबायची गरज नाही. घरात सापडलेल्या मालाचा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांबाबतच्या, कायद्याखालचा गुन्हा वेगळा, आणि अपराधाची झळ अल्पवयीनांना लागली असेल तर किमान शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा देताना न्यायालय तेही विचारात घेऊ शकतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात यासाठी स्वतंत्र गुन्हाच आहे. अवलंबून असलेलं मूल किंवा प्रौढ माणूस जाणूनबुजून मेथ (मेथॅम्फेटामिन) या अमली पदार्थाच्या संपर्कात येऊ दिला, तर 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रौढांचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अंथरुणाला खिळलेली आजीही स्वतःहून खोलीबाहेर जाऊ शकत नाही. बाल न्याय कायदा फक्त 18 वर्षांखालच्यांना लागू होतो. म्हाताऱ्या माणसाला अपाय होईल हे माहीत असून गुंगीचं औषध पाजलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 123 लागतं, 10 वर्षांपर्यंत.

बहीण गप्प का आहे, याचा मला अंदाज येतो. नवरा तुरुंगात जाईल आणि मूल हिरावलं जाईल, ही भीती. तिला एवढं सांगा की एनडीपीएसच्या कलम 64क नुसार व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणातल्या मालाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं, आणि मुलाबाबतच्या गुन्ह्याला ते मुळीच नाही. मुलाचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. आई सांभाळायला समर्थ असेल तर मूल तिच्याकडे राहावं, असाच माझा युक्तिवाद असतो, आणि त्यासाठी तिनं वेळेवर पुढे आलेलं फार उपयोगी पडतं.

तुम्ही स्वतः आजच 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मुलाचं वय, पत्ता, घरात कोण कोण असतं आणि तुम्ही स्वतः काय पाहिलंत, एवढं सांगा. आणि भाचा कधी विचित्र पेंगुळलेला दिसला, श्वास संथ झाला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर आधी दवाखाना गाठा आणि घरात कोणता पदार्थ होता ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अफूच्या जातीच्या पदार्थांवर नॅलोक्झोन हा उतारा आहे, पण तो मिळेपर्यंत मिनिटं मोजावी लागतात.