घरात रोजच्या छोट्या सवयींनी पाणी कसं वाचवता येईल?

2016 साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा लागलेल्या सवयी सांगतो. आंघोळ बादलीनेच. शॉवरखाली तेवढं पाणी दोन-तीन मिनिटांत जातं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंडीतल्या कढीपत्त्याला.

खरा उधळ्या म्हणजे पाणी शुद्ध करणारा आरओ फिल्टर! 1 लिटर शुद्ध पाण्यामागे 2-3 लिटर सहज बाहेर टाकतो. त्याची नळी सिंकमध्ये न सोडता खाली बादली ठेवा. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते पाणी चालतं. झाडांना मात्र रोज नको, त्यात क्षार जास्त असतात.

आणि हो, कालचं भरलेलं पाणी ‘शिळं’ म्हणून सकाळी ओतून देऊ नका. झाकलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही, हे आमच्या आईला पटायला दुष्काळ यावा लागला.