फिशिंग रॉड ठेवायला घरच्या घरी भिंतीवरचा स्टँड कसा बनवावा?

पाच रॉड आहेत, त्यातले दोन दहा फुटी, आणि सगळे सध्या कपाटामागे कोपऱ्यात टेकवून ठेवलेत, असं तुम्ही लिहिलंय. आधी ते तिथून काढा. स्टँड होईपर्यंत कॉटखाली आडवे राहिले तरी चालतील.

मी मालवणचा. कर्लीच्या खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जातो. माझा सात फुटी फायबरचा रॉड असाच अख्खा पावसाळा कोपऱ्यात टेकून राहिला. गणपती झाल्यावर बाहेर काढला, तर शेंड्याकडे बाक आलेला. शिवाय कपाटावर घासून, दोरी जिच्यातून जाते अशा रॉडवरच्या एका कडीच्या आतल्या सिरॅमिकला बारीक तडा गेला होता, तो मला दिसलाच नाही. त्याच तड्यावर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापलं गेलं आणि चांगली तांबोशी मासळी हातची गेली. तेव्हापासून मी प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून बघतो. कापसाचा धागा अडकला की तिथे तडा आहे हे नक्की.

म्हणून स्टँड असा हवा, की रॉडचं वजन खाली मुठीवर येईल आणि वर त्याला फक्त आधार मिळेल. कड्यांवर भार अजिबात नको. आडवा स्टँडही करता येतो, पण त्याला भिंत लांबलचक लागते आणि दोनच आधार दिले तर बारीक रॉड मध्ये झोल खातो. मला उभाच आवडतो.

१८ मिलिमीटर मरीन प्लायच्या, ६० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद अशा तीन पट्ट्या कापून घ्या. त्या फळीसारख्या आडव्या बसवायच्या, भोकं वरून खाली जातील अशा. भोकांच्या खुणा कडेपासून ६ सेंटिमीटरवर सुरू करून दर १२ सेंटिमीटरवर करा, पाच रॉड बरोबर बसतात. मी आधी ८ सेंटिमीटर अंतर ठेवलं होतं, तर रिळांचे हँडल एकमेकांत अडकायचे. मधल्या पट्टीला ४० मिलिमीटरची गोल भोकं पाडा, पण आधी तुमची सगळ्यात जाड मूठ मोजून घ्या. तिच्याखाली चार बोटांवर दुसरी पट्टी, तिच्यावर मुठी टेकतील. या पट्टीला प्रत्येक मुठीखाली एक छोटं भोक पाडा. धुतल्यावर मुठीतून पाणी झिरपत राहतं, ते साचलं की प्लाय फुगतो.

वरच्या पट्टीला त्याच खुणांवर, पण पुढच्या काठाजवळ, २० मिलिमीटरची भोकं पाडून काठापासून करवतीने आत चीर घ्या, म्हणजे रॉड समोरून आत सरकवता येईल. खाचेला जुन्या हवाई चपलेच्या तळव्याची पातळ पट्टी चिकटवा, रॉडला ओरखडा येत नाही. ही पट्टी खालच्यापेक्षा साधारण मीटरभर वर ठेवा, पण आधी रॉड उभा करून बघा. खाच दोन कड्यांच्या मधे यायला हवी. दहा फुटी रॉड जोडाचे असतील तर सोडवून ठेवा आणि दोन तुकडे वेलक्रोने बांधा. अखंड असतील तर शेंडा पंख्यात जात नाही ना, तेवढं बघा.

भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, चिरा भुसभुशीत असतो, भोक मोठं होऊन गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात ती खुंटी) गरगर फिरते. मी १० मिलिमीटरची गिट्टी आणि स्टीलचा स्क्रू वापरतो. पट्टी आणि भिंत यांच्यात बोटभर फट राहील असे लाकडी ठोकळे मागे घाला. पावसात आमच्याकडे भिंती ओल धरतात.

खाऱ्या पाण्यातून आलेला रॉड गोड्या पाण्याने धुऊन, पुसूनच स्टँडला लावायचा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी आवळून धरणारा ब्रेक, सैल करायचा. गरी (गळाचा आकडा) कडीत अडकवून दोरी ताणून ठेवायची सवय अनेकांना असते. तसं करू नका, शेंडा महिनोन्महिने वाकलेला राहतो. घरात लहान मुलं असतील तर गरी काढून डबीतच टाका.

खोली भाड्याची आहे आणि भोकं पाडता येत नाहीत, असंही तुम्ही म्हटलंय. मग पाच फुटी दोन उभ्या लाकडी पट्ट्यांवर हेच तिन्ही तुकडे स्क्रूने बसवा, चौकट जमिनीवर टेकवा आणि वरून खिडकीच्या गजाला नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधा. माझ्या भावाकडे चार वर्षं अशीच उभी आहे.