हातात किती पडतील, ते विचारा

परदेशी निघालेल्यांची पत्रं यंदा इतकी आली आहेत, की या महिन्यात पीककर्ज आणि वारसनोंद दोन्ही बाजूला ठेवलंय. नव्या वाचकांसाठी सांगते, बँकेत ३३ वर्षं काढली. परभणी, गंगाखेड आणि शेवटची ११ वर्षं संभाजीनगरला परकीय चलनाच्या टेबलावर. डॉलर मोजून बोटं झिजली, स्वतः मात्र देशाबाहेर तीनदाच गेले.

काकू, आम्ही नवरा-बायको निवृत्त शिक्षक. सेलूहून बारा जणांचा ग्रुप सहा दिवस थायलंडला निघालाय. विमान, हॉटेल, फिरणं पॅकेजमध्ये आहे. वरखर्चाला पैसे कसे न्यावेत? ग्रुपमधले एक जण म्हणतात रुपयेच न्या, दुसरे म्हणतात डॉलर घ्या, तिसरे म्हणतात कार्ड पुरे.
— निवृत्त शिक्षक, सेलू

सर, तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

रुपयांचं आधी उरकते. देशाबाहेर जाताना माणशी २५,००० रुपयांपर्यंत भारतीय नोटा नेता येतात आणि बँकॉकमध्ये त्या बदलूनही मिळतात. पण तिथे आपल्या नोटेला गिऱ्हाईक थोडं, आणि गिऱ्हाईक थोडं तिथे भाव पडलेला. मोंढ्यात माल घेऊन गेलेल्याला हे मी सांगायला नको. चार-पाच हजार रुपये जवळ असू द्या, तेही परत आल्यावर मुंबई ते सेलू चहापाण्याला आणि रिक्षाला.

डॉलरच्या नोटा एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंत मिळतात, त्यावरची रक्कम कार्डावर घ्यायची. तुम्हाला एवढे लागणारच नाहीत. दोघांत मिळून ५०० डॉलर रोख आणि साधारण तेवढेच एका फॉरेक्स कार्डावर (इथून परकीय चलन भरून तिथे वापरायचं कार्ड), एवढ्यात लेकी-सुनांची खरेदी धरूनही सहा दिवस निघतात. थेट थायलंडचे बाथ मिळाले तर थोडे घ्या, पण आपल्या भागात ते मोजक्यांकडे असतात आणि घेण्या-विकण्याच्या भावात अंतर मोठं ठेवतात.

तालुक्याच्या शाखेत डॉलर सहसा तिजोरीत नसतात. गंगाखेडला असताना मलाही मोठ्या शाखेतून मागवावे लागत. तेव्हा आठ-दहा दिवस आधी शाखेत सांगून ठेवा, नाहीतर संभाजीनगरला रिझर्व्ह बँकेचा परवाना भिंतीवर लावलेल्या दुकानातून घ्या. फार आधीही मिळत नाहीत, प्रवासाला ६० दिवस उरले की मगच. पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि ए-टू नावाचा फॉर्म एवढी कागदं लागतात. ५०,००० रुपयांच्या आतला व्यवहार रोखीत चालतो, वर गेला की चेक किंवा खात्यातून. ‘आपला माणूस घरपोच देतो, पावती नाही पण भाव भारी,’ असं कुणी सांगत आलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पावती नसलेल्या डॉलरचा हिशोब कस्टमवाल्याला काय देणार?

आता मुद्द्याचं. दुकानात शिरलं की सगळे विचारतात, ‘आज डॉलर काय भाव?’ त्यावर तो फळ्याकडे बोट दाखवतो आणि आपण खूश. विचारायचं असं: ‘मी नव्वद हजार देतो, सगळं कापून हातात किती डॉलर पडतील?’ आणि त्याच दमात, ‘हेच डॉलर उद्या परत आणले तर किती रुपये द्याल?’ उदाहरणाला धरा, विकायचा भाव ९० आणि घ्यायचा ८६. म्हणजे १,००० डॉलर नुसते घरी नेऊन परत आणले तरी ४,००० रुपये गेले. जीएसटीला लोक उगाच घाबरतात. तो सगळ्या रकमेवर नसतो. लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का ही सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के लावतात. ९०,००० वर झाले १६२ रुपये. खरी कात्री लागते ती भावात आणि पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात.

ही अक्कल मला बँकेत आली नाही, विमानतळावर आली. बहिणीबरोबर सिंगापूरला निघाले होते. घाईत एका काउंटरवरून २०० डॉलर घेतले, भाव बघितला, बरा वाटला. विमानात बसून पावती वाचली तर तळाशी ‘प्रवास संरक्षण’ म्हणून एक रक्कम लावलेली, मी न मागितलेली. अकरा वर्षं हेच काम केलेली बाई मी! बहीण अजून चारचौघांत ऐकवते.

नोटा कोऱ्या मागा. घडी, स्टेपलचं भोक, पेनाने लिहिलेला आकडा, काही चालत नाही. वसमतचे एक गृहस्थ माझ्याकडून शंभराच्या चार नोटा घेऊन गेले, दिवाळी आली, लक्ष्मीपूजनात चोपडीशेजारी त्या मांडल्या आणि एकीला कुंकवाचं बोट लागलं. अमेरिकेच्या लेखी नोट खरीच होती, पण बँकॉकच्या खिडकीतल्या मुलीने मान हलवली ती हलवलीच. महिन्याभराने ते नोट घेऊन माझ्यासमोर उभे, ‘मॅडम, लक्ष्मी परत आली!’ शंभराची नोट निळ्या पट्टीचीच घ्या. ती २०१३ पासून आहे. त्याआधीच्या नोटांना बाहेरचे दुकानदार नाकं मुरडतात.

पन्नास आणि शंभराच्या नोटेला तिथे एकच्या, पाचच्या, वीसच्या नोटेपेक्षा चांगला भाव मिळतो. म्हणून मोठ्या घ्या, सुट्ट्या मोजक्याच. विमानतळावर पहिल्या दिवसापुरते बदला, बाकीचे शहरात दोन-तीन खिडक्या बघून. एटीएममधून काढायचे तर परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेच्या वर बाथ शुल्क पडतं. तेव्हा रोज थोडे काढण्यापेक्षा एकदाच काय ते काढा. आणि एटीएम असो की दुकानातलं यंत्र, ‘रुपयांत घेऊ की बाथमध्ये?’ असं विचारलं की बाथ दाबा. रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून बरा वाटतो, पण त्यातला भाव त्यांनी ठरवलेला असतो आणि तो महाग असतो.

नोट पायाखाली येऊ देऊ नका, तिच्यावर काही लिहू नका. थायलंडच्या नोटेवर राजाचं चित्र असतं आणि त्याचा अपमान तिथे गुन्हा आहे. वाऱ्याने उडालेली नोट आपल्याकडच्यासारखी पायाने दाबायची सवय आठवणीने आवरा.

पैसे दोघांकडे अर्धे-अर्धे, कार्ड तिसऱ्या जागी. मनी बेल्ट विकत आणलात तर आणा, पण आमच्या आईच्या परकराला आतून शिवलेला खिसा होता, त्यातला पैसा आयुष्यात कुणाला काढता आला नाही. मी तिन्ही प्रवासांत तोच शिवून घेतला.

ताई, मुलगा नीटमध्ये थोडक्यात राहिला. किर्गिझस्तानला एमबीबीएसला पाठवतोय. एजंट म्हणतो, फीसकट ६,००० डॉलर रोख लेकराच्या अंगावर द्या, तिथे आमचा माणूस भरून घेईल. कायद्यात बसतं का?
— शेतकरी, औसा

भाऊ, कायद्यात बसतं आणि तरी देऊ नका.

३,००० डॉलरची मर्यादा सगळ्या देशांना सारखी नाही. रशिया आणि सोव्हिएत संघ फुटल्यावर झालेल्या राष्ट्रकुलातल्या देशांना जाताना सगळं चलन नोटांत घेता येतं. किर्गिझस्तान त्यात येतो. एजंट तेवढंच सांगतो. हाच नियम तो जॉर्जियाच्या पालकांना सांगत असेल तर मात्र चूक आहे, जॉर्जिया त्या राष्ट्रकुलातून २००९ मध्येच बाहेर पडला.

पण मुभा आहे म्हणून अठरा वर्षांच्या पोराच्या कमरेला पाच लाखांच्या वर रक्कम बांधायची? पहिल्यांदा विमानात बसणारं लेकरू, मध्ये एखादा थांबा, झोप नाही, भाषा कळत नाही. आणि समजा सुखरूप पोचलं. ‘आमचा माणूस’ पैसे घेणार आणि पावती कुणाच्या नावाची देणार? फी विद्यापीठाच्या खात्यात तुमच्या बँकेतून थेट पाठवता येते. प्रवेशपत्रावर विद्यापीठाचं नाव आणि खात्याचा तपशील मागून घ्या, लातूरच्या मोठ्या शाखेत जा. खातं विद्यापीठाच्या नावाचं नसून कुठल्या तरी कन्सल्टन्सीचं निघालं तर तिथेच थांबा. एजंटला खात्याचा तपशील मागितल्यावर तो काय बोलतो, यावरून तुम्हाला माणूस कळेल.

टीसीएसची, म्हणजे बाहेर पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते त्या कराची, भीती घालतील. एका आर्थिक वर्षात बाहेर पाठवलेली रक्कम १० लाखांच्या आत असली तर तो लागत नाही. लागला तरी आयकर विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो.

मुलाजवळ ५०० ते ७०० डॉलर द्या, थोडे बॅगेत, थोडे अंगावर, आणि एक फॉरेक्स कार्ड, ज्यात तुम्ही इथून भर घालू शकाल. तिथलं चलन सोम, ते तिथेच बदलायचं. कोरी नोट, मोठी नोट हे वर सेलूच्या सरांना लिहिलंय ते वाचा. माझ्या टेबलासमोर एक बाप बसला होता, मुलीची फी एजंटकडे रोख दिलेली, विद्यापीठ म्हणतं मिळाली नाही. त्याच्याकडे दाखवायला व्हॉट्सॲपवरचा एक अंगठा होता. बाकी काही नाही.

आम्ही नांदेडहून चाळीस जण लुंबिनीला निघालोय. नेपाळी रुपये इथूनच घ्यावेत का?
— उपासिका, नांदेड

नको. शंभराच्या नोटांचं बंडल न्या. शंभरपर्यंतच्या भारतीय नोटा नेपाळला कितीही नेता येतात, २५,००० ची मर्यादा त्यावरच्या नोटांना आहे. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी, हा भाव १९९३ पासून हललेला नाही, त्यामुळे तोंडी हिशोब करता येतो आणि कुणी १५० देऊ लागला तर लगेच कळतं. बऱ्याच दुकानांत आता आपलं यूपीआय चालतं. तिथे दिसणारी ‘फोनपे’ची पाटी मात्र आपल्याकडच्या फोनपेची नाही, ती नेपाळची वेगळी कंपनी आहे. चाळीस जणांची भोजनदानाची रक्कम एकाकडेच ठेवू नका.

दुबईला लेकीकडे जाऊन आलो. १,४०० दिरहॅम आणि मूठभर नाणी कपाटात आहेत. दोन वर्षं झाली. गुन्हा झाला का?
— जालना

नाही झाला. परत आल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारकाकडे द्यायचं असतं, पण २,००० डॉलर किमतीपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला सुमारे ३.६७. म्हणजे तुमचे ३८१ डॉलर झाले. पुन्हा लेकीकडे जाणार असाल तर विकूच नका, नाहीतर विकताना एकदा आणि घेताना एकदा असं दोनदा कापून घ्याल. नाण्यांवर मर्यादा नाही आणि ती इथे कुणी घेतही नाही. पुढच्या खेपेला विमानतळावर पाण्याची बाटली घ्या.

आजोबांच्या पेटीत चारमिनारचं चित्र असलेला एक चांदीचा रुपया सापडला. एका मौलवींनी त्यावरचं साल १३३७ असं वाचून दिलं. बँक बदलून देईल का? नाहीतर अमेरिकेला नातवाकडे जाताना भेट म्हणून नेईन म्हणते.
— आजी, अंबाजोगाई

आजी, हा हाली रुपया. निजामाच्या राज्याचं स्वतःचं चलन होतं. पोलीस ॲक्शननंतरही ते काही वर्षं भारतीय रुपयाबरोबर चाललं, १९५९ मध्ये कायमचं गेलं. बँक आता त्याचं काही देणार नाही.

माझे आईचे वडील कळंबचे. कापूस घेऊन बैलगाडीने बार्शीला जायचे. कळंब निजामाचं, बार्शी इंग्रजांच्या मुलखात. इकडे हाली, तिकडे इंग्रजांचा रुपया म्हणजे कलदार, आणि सहा कलदारला सात हाली. बार्शीत हातात आलेले कलदार गावी आणून बदलायचे तर सराफ आधी बट्टा, म्हणजे बदलण्याची कपात, सांगायचा. आजोबा त्याला म्हणायचे, ‘बट्टा नको सांगू, पदरात काय टाकतोस ते बोल.’ पासपोर्ट नव्हता, पण तोही परदेशचाच व्यवहार.

नातवाकडे मात्र हा रुपया नेऊ नका. १३३७ हे हिजरी साल, म्हणजे इसवी १९१८-१९. शंभर वर्षं उलटलेलं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते आपल्याला खाजगीत देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर बॅगेत सापडलं तर नसता ताप. नातू सुट्टीला येईल तेव्हा इथेच त्याच्या हातात द्या, तोवर दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. नाणेसंग्राहकाला दाखवायचं असेल तर आहे तसं, काळं पडलेलं दाखवा. चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत ते कमी करतात. चिंचेने आधीच घासलं असेल तर मला कळवू नका.