पाचपाखाडीतली लाल एमजीबी: टोकन देण्याआधी

ऐरोलीकर, तुमचा प्रश्न आणि सहाही फोटो नीट बघितले. ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या एका बंगल्याच्या शेडमध्ये १९७२ची लाल एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची बिनछपराची स्पोर्ट्स कार, आठ वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. मालक वारले, मुलगा विकतोय, ‘हाफ सेल्फमध्ये स्टार्ट होते’ असं सांगतोय आणि तुम्ही रविवारी टोकन द्यायला निघाला आहात. टोकन आठवडाभर खिशात राहू द्या. आठ वर्षं ती गाडी कुणी नेली नाही, या आठवड्यातही कुणी नेणार नाही.

तुम्ही पाच प्रश्न विचारलेत आणि पाचही इंजिनाबद्दल आहेत. या गाडीत इंजिन ही सर्वात कमी काळजीची गोष्ट. १७९८ सीसीचं हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सीरिज इंजिन आपल्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं थोरलं भावंड आहे. सगळे पार्ट एकमेकांना बसत नाहीत, पण ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आयुष्यभर ॲम्बेसेडर उघडल्या त्याला हे इंजिन परकं वाटत नाही. असे मिस्त्री ठाण्यात अजून सापडतात. शिवाय १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यामुळे इंग्लंडमध्ये गॅस्केटपासून पिस्टनपर्यंत सगळं आजही नवं मिळतं. कस्टम ड्यूटी भरताना डोळे पांढरे होतात, ते वेगळं.

पत्रा मात्र तसा नाही. या गाडीला ॲम्बेसेडरच्या आधीच्या काळातल्या गाड्यांसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. त्यात रोडस्टरला छप्पर नाही. म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवायचं सगळं काम दोन सिलवर, म्हणजे दोन्ही बाजूंना दाराखालून जाणाऱ्या पत्र्याच्या लांब पोकळ पट्ट्यांवर येतं. ही सिल एका पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा आणि आतून जमिनीला लागून असलेला तिसरा, असे तीन थर असतात. बाहेरचा तेवढा नवा लावून, रंग मारून, आतले दोन सडके तसेच ठेवलेल्या गाड्या मी इतक्या बघितल्या आहेत की आता नव्याने रंगवलेलं सिल दिसलं की आधी संशयच येतो.

माझंच सांगतो. पहिली एमजी घेतली तेव्हा मीही आवाजाला भुललो होतो. सायलेन्सरचा तो घुमणारा आवाज ऐकला आणि दारं कशी लागतात हे बघितलंच नाही. चार महिन्यांनी स्पीडब्रेकरवरून उतरताना डावीकडचं दार आपोआप उघडलं. डेंटरने सिल कापलं तर आत पुट्टी, पुट्टीच्या मागे जाळी आणि जाळीच्या मागे चक्क गोणपाट. गाडी दीड वर्ष गॅरेजात होती. बायको अजून त्या गाडीला ‘पोतं’च म्हणते.

म्हणून तुमच्या तिसऱ्या फोटोकडे परत बघा. दाराची मागची कड आणि मागचा मडगार्ड यांच्यामधली फट खाली बोटभर आहे आणि वर जाताना निमुळती होते. फोटोचा कोन फसवा असू शकतो, पण ही गाडी मधून बसली असण्याची शक्यता मला दिसते. खात्री करायला दार बंद ठेवून त्या बाजूच्या जॅक पॉइंटखाली जॅक लावा, चाक जमिनीवरून उचला आणि मग दार उघडून बघा. अडकलं किंवा घासलं तर सिल गेलेली आहेत. जॅक लावताना पत्राच आत दबायला लागला, तर लगेच थांबा आणि चहा पिऊन घरी या.

सोबत एक छोटं लोहचुंबक आणि पातळ फडकं न्या, म्हणजे रंगावर चरा पडणार नाही. सिल, पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा आणि मागच्या चाकांच्या कमानी, या तीन जागी फिरवा. पुट्टीवर चुंबक धरत नाही. मग सीटच्या मागचं झाकण काढा. त्या काळात तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या. ॲसिड सांडून त्यांचे खोके खालून सडतात. तिथून खाली टॉर्च मारल्यावर शेडची फरशी दिसली तर काय समजायचं ते तुम्हाला कळेलच.

आणि मुलाला सहज विचारा, २६ जुलै २००५ला गाडी कुठे होती? त्या दिवशी ठाण्यात तळमजल्यावरच्या किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण बघितलं आहे. गालिचा उचलून कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ आहे का बघा. डॅशबोर्डखाली हात घालून तारांच्या जुडग्यावरही बोट फिरवा. गाळ तिथे पोचला असेल तर वायरिंग नव्याने करण्याचा खर्च आधीच मनात धरा.

आता कागद. पत्र्याइतकंच मी याला वजन देतो, कारण पत्रा निदान पैसे टाकून नवा करता येतो. एमजीबीची अख्खी बॉडी मूळ साच्यांवर १९८८पासून इंग्लंडमध्ये पुन्हा बनते आहे. आरसी पुस्तकाचं तसं नाही.

तुमच्या बाबतीत मालक हयात नाहीत. मुलगा म्हणतो ‘बाबांनी २९-३०वर (गाडी विकताना नाव बदलायला लागणाऱ्या फॉर्मवर) सह्या करून ठेवल्या आहेत’. त्या सह्यांना हात लावू नका. मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. ते झाल्यावर मुलगा तुम्हाला २९-३० देईल. हे काम त्याने, त्याच्या खर्चाने, टोकनच्या आधी करायचं. एखादी बहीण परदेशात असेल आणि तिची सही राहिली असेल, तर ती तुमच्या नव्हे, त्याच्या डोक्याची कटकट असली पाहिजे.

गाडीला १९८९च्या आधीचा तीन अक्षरी नंबर आहे. असे नंबर बऱ्याचदा ऑनलाइन रेकॉर्डमध्ये चढलेलेच नसतात. आरटीओत जाऊन बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवलेली, आहे का ते विचारा, नोंदणीचं नूतनीकरण कधी संपलं तेही बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, पर्यावरण कर वेगळा. चासी नंबरचा पेन्सिलने प्रिंट घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. त्या वर्षीच्या रोडस्टरचा चासी नंबर ‘जीएचएन५’ने सुरू होतो. ‘जीएचडी५’ दिसलं तर ती मूळची जीटी, म्हणजे छपराची गाडी, आणि मग आपल्याला बरंच बोलायला लागेल. १९७२च्या इंजिनाचा नंबर साधारण ‘१८व्ही’ने सुरू होतो. शंका असेल तर ब्रिटनमधल्या गेडनच्या संग्रहालयाकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात आणि कोणत्या इंजिनासह निघाली, हे त्यात असतं.

तुम्ही लिहिलंय की ‘व्हिंटेज नंबर घेऊन दर रविवारी अलिबागला जाईन’. इथे गल्लत होते आहे. २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. पण त्या नंबरवर गाडी फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. अलिबागची भजी त्यात बसत नाहीत. तुम्हाला चालवायची आहे, तर जुनी साधी नोंदणीच जिवंत करून घ्या.

इंजिनाचं थोडक्यात. तुम्ही पोचाल तेव्हा बॉनेटला हात लावा. गरम असेल तर मुलाने गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. थंड होईपर्यंत बसा आणि मग तुमच्यासमोर स्टार्ट करायला सांगा. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर ५० पाउंडांच्या आसपास हवं. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलायचेच, कारण आता पंपावर मिळणारं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं. तारांची चाकं असतील तर चाक जॅकवर उचला, एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक मागेपुढे हलवा. खट्ट आवाज आला तर हबचे खाचे झिजलेत. हूड, सीट, क्रोम हे सगळं नंतर बघू.

चालवायला मिळाली तर कृपया पाम बीच रोडला नेऊ नका. तिथे कुठलीही गाडी चांगलीच चालते. घोडबंदरला गायमुखच्या चढावर संध्याकाळी सहाला न्या, वीस मिनिटं रांगेत उभे राहा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. उतरताना दुसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर सोडून बघा, गिअर बाहेर उडी मारतो का ते.

आधी एवढंच करा: जॅक लावून दार उघडतानाचा एक फोटो आणि खाली झोपून सिलच्या आतल्या बाजूचा एक फोटो इथे टाका. किमतीचं मग बोलू.