फँटसी वॉरगेमसाठी जुन्या साम्राज्यावरून नवीन फॅक्शन बनवायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मित्रांचा ग्रुप आहे, नियम घरचेच आहेत, टेबलावर एल्फ, ऑर्क, बुटके, अनडेड सगळे येऊन गेलेत आणि आता एखाद्या खऱ्या साम्राज्यावरून काहीतरी नवीन उभं करायचंय, रोमन घेऊ की इजिप्त की सरळ मराठे, आणि झेंड्याची, शिरस्त्राणांची डिझाइन्स तर तयार पण आहेत. झेंडा जरा बाजूला ठेवा. झेंड्यापासून सुरू केलेलं फॅक्शन (म्हणजे गेममधली एक बाजू आणि तिची आर्मी) खेळायला घेतलं की दुसऱ्या टर्नलाच कळतं की ही तीच नेहमीची माणसांची आर्मी आहे, फक्त टोप्या बदलल्यात.

माझं म्हणणं असं की जे साम्राज्य घ्याल त्याच्याकडे काय नव्हतं ते आधी लिहून काढा आणि ते नसताना त्यांनी कसं भागवलं ते शोधा, नियम आपोआप तिथून निघायला लागतात.

रोमन आणि इजिप्त इतक्या गेम्समध्ये येऊन गेलेत की तुमच्या मित्रांना पुढचं आधीच माहीत असेल, ढालींची भिंत नाहीतर पट्ट्यांमधले सांगाडे. मराठे घ्यायला माझी हरकत नाही, मटेरियल भरपूर आहे, पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला बाहेर, आणि पानिपतावर तर लढणाऱ्यांपेक्षा बुणगेच जास्त, एवढ्यातनंच तीन-चार मस्त नियम निघतील. पण फँटसी म्हटलं की जादू आली, राक्षस आले, शिवाय कोणीतरी हरणार हे आलंच, आणि आपल्याच इतिहासाचं ते करायला घेतलं की गेम बाजूला राहतो आणि वाद रंगतो. झेपत असेल तर करा.

आमच्या ग्रुपसाठी मी दक्षिण अमेरिकेतले इंका घेतले होते, तेच उदाहरण देतो कारण त्यांच्या 'नव्हतं'च्या यादीला तोड नाही. घोडा नाही, लोखंड नाही, गाडीचं चाक नाही, आपण लिहितो तशी लिपी नाही. ओझ्याला लामा, तो 25-30 किलो उचलतो आणि मोठ्या माणसाला पाठीवर घेत नाही. एवढ्यावर या लोकांनी साधारण शंभर वर्षांत आजच्या इक्वाडोरपासून चिलीच्या मध्यापर्यंत अँडीज पर्वतातनं राज्य उभं केलं. कसं? तर रस्ते, कोठारं आणि हिशोब. जवळपास 40,000 किलोमीटरचे रस्ते, त्यावर ठराविक अंतरावर पळणारे निरोपे उभे, एकाने दुसऱ्याला निरोप द्यायचा, दुसऱ्याने पळत तिसऱ्याला, असं दिवसाला दोन-अडीचशे किलोमीटर निरोप जायचा. हिशोब दोऱ्यांच्या गाठीत, त्याला किपू म्हणतात, दशमान पद्धतीने. माणसं पण तशीच मोजलेली, दहाचा गट, शंभरचा, हजारचा, दहा हजारचा, प्रत्येकावर एक अधिकारी. आणि कर पैशात नाही, मेहनतीत, रस्ता बांधा, शेत करा, नाहीतर लढायला या.

कोठारं हा तर मला सगळ्यात भारी प्रकार वाटतो. हुआनुको पाम्पा नावाच्या एका ठाण्याजवळच्या डोंगरउतारावर पाचशेच्या आसपास कोठारं ओळीने उभी होती, वारा लागून माल थंड राहावा म्हणून उतारावर. अशा कोठारांत मका, रात्रीच्या गारठ्यात गोठवून आणि दिवसा उन्हात वाळवून टिकाऊ केलेला बटाटा, सुकवलेलं मांस, कापड, शस्त्रं. म्हणजे सैन्याला वाटेत लुटालूट करत जायची गरजच नाही, पुढचं जेवण पुढच्या मुक्कामाला तयार.

याचा नियम मी असा केला की खेळ सुरू व्हायच्या आधी इंका खेळाडू टेबलाच्या आपल्या अर्ध्या भागात तीन कोठारं ठेवतो आणि त्यांना जोडणारा रस्ता आखतो. रस्त्यावर असलेलं युनिट, म्हणजे तुकडी, दीडपट चालतं, कोठाराजवळ टर्न संपवला तर दमलेली माणसं ताजी होतात. रस्ता सोडला की ही आर्मी एकदम साधी, जवळपास गरीबच. समोरच्याला लगेच समजतं की माणसं मारण्यापेक्षा कोठार जाळलेलं बरं, मग इंका खेळाडू कोठार राखायला माणसं मागे ठेवतो आणि पुढची फळी विरळ पडते. सगळा खेळच बदलतो, तोही एकसुद्धा जादूचा मंत्र न लिहिता.

आता फँटसीकडे येतो. मेलेला इंका राजा संपत नसे, त्याचं शव टिकवून ठेवत, त्याचे महाल, जमिनी, नोकर त्याच्याच नावावर राहत आणि ते सगळं त्याच्या वंशजांचं घराणं सांभाळत असे. सणाला ही राजांची शवं राजधानी कुस्कोच्या चौकात आणून बसवायची, त्यांच्यापुढे जेवण आणि मक्याची दारू ठेवायची, त्यांचा सल्ला घ्यायचा, म्हणजे अर्थात त्यांच्या वतीने कोणीतरी बोलायचं. नवीन राजाला गादी मिळायची पण बापाची इस्टेट नाही, स्वतःची त्याने स्वतः उभी करायची. नवीन मुलूख जिंकत राहायचं एक कारण हेच असावं असं काही अभ्यासक मानतात. शेवटी वास्कार नावाच्या राजाने म्हणे वैतागून बोलून दाखवलं की या मेलेल्यांना पुरून टाका आणि त्यांचं सगळं काढून घ्या, त्याने कुस्कोतली बडी घराणी बिथरली, आणि त्याच सुमारास भाऊ अताहुआल्पाशी यादवी चालू होती. फँटसी लेखकाने बसून रचलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

इथे एक मोह होतो तो टाळा, या ममींना उठवून लढायला लावू नका. लढणारी प्रेतं तुमच्या अनडेडवाल्या मित्राकडे ऑलरेडी आहेत. माझ्या फॅक्शनमध्ये मेलेले राजे पालखीत बसून टेबलावर येतात, तलवार उचलत नाहीत, पण आर्मीतली निम्मी युनिट्स त्यांच्या मालकीची असतात. जिवंत राजाने हुकूम द्यायचा आणि ज्याची माणसं आहेत त्या मेलेल्या राजाचा डाईस टाकायचा, पसंत पडला तर युनिट जोरात जातं, नाही पडला तर जागचं हलत नाही. कुठला राजा कशाने खूश होतो हे प्रत्येकाचं वेगळं लिहिलंय, एकाला नवीन जमीन हवी म्हणून त्याची माणसं फक्त पुढेच जातात, एकाला आपलं कोठार सोडून जायला आवडत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त हशा या पालख्यांवरून होतो, ऐन लढाईत खेळाडू आपल्याच आजोबांची मनधरणी करत बसलेला असतो.

दुसरी गोष्ट दगडांची. चांका नावाच्या शत्रूने कुस्कोवर चाल केली तेव्हा पुढे राजा झालेल्या पाचाकुतीने शहर वाचवलं आणि रानातले दगडच माणसं होऊन आपल्या बाजूने लढले अशी कथा त्यांच्याकडे होती, नंतर ते दगड शोधून आणून पूजेला लावले. यावरून दगडी राक्षस बनवायचं मनात येईल, मी तसं केलं नाही. टेबलावर जे खडक टेरेन म्हणून असतातच त्यातले दोन इंका खेळाडू गुपचूप चिठ्ठीवर लिहून ठेवतो, आणि गेममध्ये एकदाच, शत्रू जवळ आला की चिठ्ठी उघडून त्या खडकाच्या जागी एक युनिट ठेवतो. समोरचा सगळ्या खडकांपासून लांब राहायला लागतो, चिठ्ठीत नसलेल्यांपासून पण, फुकटचा फायदा.

हत्यारांचं थोडक्यात. मुख्य हत्यार गोफण. आपल्याकडे ज्वारीच्या राखणीला पाखरं हाकलायला असते तीच, म्हणून मित्र आधी हसतात, पण अँडीजमधली गोफण हलक्यात घेऊ नका, 1536 मध्ये स्पॅनिशांच्या ताब्यात गेलेल्या कुस्कोला वेढा घातला तेव्हा यांनी दगड लाल तापवून कापसात गुंडाळून फेकले आणि गवती छपरं पेटवून दिली. त्यामुळे माझ्या गोफणवाल्यांना 'तापलेला दगड' हा पर्याय आहे, एक टर्न न फेकता थांबायचं, पुढच्या टर्नला आग. जवळच्या मारामारीला ताऱ्याच्या आकाराच्या बोंडाची गदा, अंगात कापसाचं जाड शिवलेलं चिलखत, जंगलाकडचे तिरंदाज वेगळे. घोडदळाला उत्तर काय असं विचाराल तर ओयांतायतांबोच्या लढाईबद्दल वाचा, 1537 मध्ये मान्को या इंका राजाने पाट फोडून खालचं मैदान पाण्याने भरलं आणि स्पॅनिश घोडे चिखलात अडकून मागे फिरले. एका गेमला एकदा, टेबलाचा एक चौकोन दलदल, बास.

कमजोरी मात्र खरी द्या, नाहीतर समोरचा कंटाळतो. 16 नोव्हेंबर 1532 ला काहामार्का गावात स्पॅनिश सरदार पिझारोच्या 168 माणसांनी अताहुआल्पाला पकडलं आणि बाहेर एवढं मोठं सैन्य असून ते हललं नाही, कारण हुकूम देणारा आत कैदेत आणि तो जिवंत. म्हणून नियम असा की यांचा राजा मारला गेला तर फार बिघडत नाही, दुसरा उभा राहतो, पण जिवंत पकडला गेला तर दोन टर्न कोणीच हल्ला करू शकत नाही. समोरचा मग जाळं घेऊन पालखीच्या मागे लागतो. जिंकलेल्या लोकांचंही तसंच, त्यांची देवस्थानातली मूर्ती कुस्कोत आणून ठेवायची, मानाने, पण ओलीस. असं दोस्त युनिट स्वस्तात मिळतं आणि शत्रूने ती मूर्ती हिसकावली की बाजू बदलतं. वांका लोकांनी खरोखर स्पॅनिशांना साथ दिली, वर त्यांना काय काय पुरवलं त्याचा किपूवरचा हिशोब नंतर लिमाच्या कोर्टात मांडला, मला हे वाचून फार गंमत वाटली होती.

नावं मात्र सगळी बदला. केचुआ बोलणारी लाखो माणसं आज तिथे राहतात, खरी देवळं आणि खरे राजे तसेच्या तसे उचलून त्यांना शिंगं लावू नका, आणि नरबळी हीच फॅक्शनची ओळख करू नका, तो तर सगळेच करतात आणि खेळताना त्याचं काही होत नाही.

रंगाचं सांगतो कारण तुमचं मन तिथेच आहे. इंका सैनिकांचा अंगरखा काळ्या-पांढऱ्या चौकडीचा आणि गळ्याशी लाल त्रिकोण, 28 मिलिमीटरच्या मिनिएचरवर हे जबरदस्त दिसतं. आधी पूर्ण अंगरखा मळकट पांढरा करा, शुभ्र नको, मग काळ्या रेषांनी जाळी आखा आणि एक सोडून एक चौकोन भरा. छातीवर आडवे चारच चौकोन घ्या, जास्त घेतले तर हातभर लांबून सगळं करडं दिसतं. लाल शेवटी, कारण तो सांडला की पांढऱ्यावरनं निघत नाही. तयार मिनिएचर कमी मिळतात, 3डी प्रिंटरवाला कोणी ओळखीचा असेल तर सोपं, पण छापायच्या आधी बाटलीची झाकणं ठेवून 500 पॉइंट्सच्या (पॉइंट्स म्हणजे युनिट्सची किंमत) आर्मीवर खेळून बघा. पालखीतल्या राजांची किंमत लावताना जास्त वेळ जातो, मी आता एका आर्मीच्या लिस्टमध्ये जास्तीत जास्त दोन मेलेले राजे ठेवतो, तिसरा आला की जिवंत राजाला हुकूम द्यायला माणसंच उरत नाहीत.